दुपारची सोबत

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली आणि त्यानंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात नीट करून घ्यावं. भारी शब्द मला येत नाहीत. शिवाय 'मी' म्हणून लिहायला बसलं की हात थांबतो, म्हणून यातल्या माणसाला मी अश्विन म्हणतो.

१

अश्विन वाघाच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर गाईड होता. सकाळची फेरी, मग घरी येऊन जेवण आणि थोडी पाठ टेकणं, मग दुपारची फेरी. अंधार पडता पडता घरी. गेटवर मोबाईल जमा करावा लागे, त्यामुळे एकदा जिप्सी आत गेली की घरचं काही कळायचं नाही आणि घरच्यांना त्याचं काही कळायचं नाही.

गाईड वाघ शोधतो असं पाहुण्यांना वाटतं. पण जंगलात वाघ डोळ्यांनी सापडत नाही, कानांनी सापडतो. जिप्सी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि गप्प बसायचं. कुठंतरी चितळ ओरडतं, भेकर भुंकतं. त्याला कॉल म्हणतात. कॉल कुठून आला, पुढे सरकला की जागीच राहिला, यावरून वाघाची वाट कळते. त्यातही चितळाचं फार मनावर घ्यायचं नसतं. वाळलेलं पान उडालं तरी ते ओरडतं. वानराचं मात्र तसं नाही. म्हातारं वानर फांदीच्या टोकाला बसून खॅक, खॅक करून ओरडायला लागलं, की ते ज्या दिशेला तोंड करून बसलं असेल त्या दिशेला शिकारी जनावर असतंच. आणि वानर माणसाला पाहून तसं ओरडत नाही. माणसाला पाहून दात विचकतं, पळून जातं, नाहीतर हातातली भाकर ओढतं.

हे अश्विनला कोणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून अंगात भिनलं होतं.

२

त्याची बायको हर्षा. तिला सातवा महिना लागला होता.

ही दुसरी खेप. पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. मार्कंड्याजवळच्या माहेरी जाताना गाडीतच तिचं पोट दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, प्रवासाचा दोष नाही, रक्तदाब वाढला होता. पण हर्षाच्या मनात तो रस्ता रुतून बसला. या वेळी रक्तदाब पुन्हा वर जायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, माहेरी पाठवायचं नाही, आणि घरात तिला चिंता होईल असं काही घडू द्यायचं नाही.

सांगायला सोपं आहे. नवरा दिवसभर वाघाच्या जंगलात. मोबाईल बंद. त्यातून गावातल्या ग्रुपवर रोज कोणीतरी कुठल्या तरी शिवारातला वाघाच्या हल्ल्याचा व्हिडिओ टाकायचं. हर्षा एका जागी बसायची नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, लावलेली कडी पुन्हा जाऊन पाहायची. मांडणीवरची भांडी उतरवायची, पुसायची, परत लावायची, आणि पुन्हा उतरवायची. रात्री कूस बदलत राहायची आणि मध्येच अश्विनचा हात ओढून पोटावर ठेवायची.

"हालून राह्यलं का?"

"हो नं. आता लात मारली."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो, हर्षा."

गावात बाळंतिणींचं पाहणारी आशाताई, रश्मी, आठवड्यातून एकदा येऊन जायची. तिनं हर्षाला श्वासाचं शिकवलं. एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास हळू आत, त्याहून हळू बाहेर. व्हिडिओ पाहायचे नाहीत. संध्याकाळी गल्लीत फेऱ्या. आणि झोपायचं ते डाव्या कुशीवर, म्हणजे बाळाला रक्त नीट मिळतं.

"अन् मनात येईल ते बोलत जा व," रश्मी म्हणाली. "पोटात ठेवू नको. पोटात आधीच एक हाय."

हर्षा हसली. पण रश्मी गेल्यावर उठली आणि कडी पाहून आली.

३

मोहफुलं गळायला लागली त्या दिवसांत हर्षा निवली.

अश्विनला ते एकदम कळलं नाही. एका संध्याकाळी घरी आला तेव्हा भांडी जिथल्या तिथं होती, चूल पेटलेली होती आणि ती दारात बसून वांगी चिरत होती. रोजच्यासारखं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं नाही, कुठं खरचटलं का विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. रात्री ती सरळ झोपली. त्याचा हात ओढला नाही.

"आज बरी दिसून राह्यली," तो म्हणाला.

"दुपारी झोप लागते आता. ती येते नं. डोकं दाबून देते, पाठ थोपटते. लय बरं वाटते."

अश्विनला वाटलं, नीलाबाई. नीलाबाई शेजारच्या घरातली, साठीच्या पुढची, तोंडाची फटकळ आणि हाताची मऊ. त्यांच्या गल्लीत रीतच आहे, पोटुशी बाई दुपारची एकटी राहू नये म्हणून कोणी ना कोणी तिच्यापाशी जाऊन बसतं. आज ही, उद्या ती. त्याचे कोणी आभार मानत नाही आणि कोण आलं होतं असं विचारतही नाही. विचारलं तर हिशोब केल्यासारखं दिसतं.

म्हणून त्यानं विचारलं नाही. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा तो गाढ झोपला.

४

मंगळवारी गेट बंद असतं. त्या मंगळवारी दुपारी अश्विन अंगणात न्हाणीचा बांबूचा तट्टा बांधत बसला होता. हर्षा मागच्या खोलीत झोपली होती. ऊन असं होतं की कोंबड्याही सावली सोडत नव्हत्या.

घराच्या मागे मोहाचं मोठं झाड. त्यावर वानरांचा कळप फुलं खायला येई. येता-जाता ते छपरावर उड्या मारत आणि कवेलू, म्हणजे कौलं, सरकवून ठेवत. वर्षातून दोनदा छप्पर चाळावं लागे, इतकाच त्यांचा त्रास.

तट्ट्याची गाठ ओढताना त्याच्या कानावर आलं.

खॅक.

त्याचे हात थांबले. डोकं नाही, आधी हातच थांबले, जसे जंगलात थांबतात.

खॅक. खॅक.

म्हातारा नर फांदीच्या टोकाला बसला होता. बाकीची वानरं फुलं टाकून वर चढली होती. पिलं आयांच्या पोटाला चिकटली होती. अश्विननं आधी नाल्याकडे पाहिलं, मग बांबूच्या बेटाकडे. तिकडून बिबट येतो, कुत्री नेतो. तिकडे काही नव्हतं. मग त्यानं पुन्हा वानराकडे पाहिलं, ते कुठं बघतंय ते पाहायला.

ते त्याच्या घराकडे बघत होतं.

तो धावत आत गेला. मागच्या खोलीत अंधूक उजेड होता. हर्षा भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर झोपली होती. श्वास हळू आत, हळू बाहेर. खाटेखाली पाण्याचा तांब्या आणि तिच्या चपला. कोपऱ्यात धानाचं पोतं. दुसरं काही नाही. मागच्या दाराला कडी लावलेली नव्हती, ते नुसतं लोटलेलं होतं.

बाहेर वानर ओरडतच होतं.

त्यानं कुलदीपला बोलावलं. कुलदीप जिप्सी चालवायचा, दोन घरं सोडून राहायचा. तो काठी घेऊन आला. दोघांनी न्हाणी, गोठा, लाकडांचा ढीग, सगळं पालथं घातलं. माग नाही, वास नाही.

"कॉल तर खरा हाय बे," कुलदीप कान देऊन म्हणाला. मग हसला. "पण पाहून कुठी राह्यलं ते वानर? तुह्याच घरात? मंग वाघ कोन, तू का वहिनी?"

"हळू बोल. ती झोपली हाय."

"बाप होनार म्हून गडी वानरालेही भेऊन राह्यला. उद्या पावन्याईले काय सांगशीन? 'साब, टायगर हमारे घर में है'?"

अश्विनही हसला. तेवढ्यात कॉल थांबला, आणि वानरं एकेक करून खाली उतरून पुन्हा फुलं खायला लागली. बिबट छपरावरून गेला असेल, असं दोघांनी ठरवलं. ठरवायला काहीतरी हवं होतं.

हर्षा उठून बाहेर आली तेव्हा तिचे केस विंचरलेले होते. घट्ट वेणी घातलेली, शेवटपर्यंत. सकाळी तिनं नुसता अंबाडा बांधला होता, हे अश्विनला चांगलं आठवत होतं. मग त्याला वाटलं, झोपायच्या आधी घातली असेल. बाई माणूस, दिवसातून दहादा केस बांधते.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीहून येताना नीलाबाई रस्त्यात भेटली. डोक्यावर मोहफुलाची टोपली होती.

"नीलाबाई, तुमचे उपकार झाले," तो म्हणाला. बोलायला त्याला नेहमीच जड जाई, म्हणून मान खाली घालून बोलला. "हर्षाले तुमच्यानं लय बरं वाटून राह्यलं."

"माह्यानं? मी काय केलं बापा?"

"दुपारी बसता नं तिच्यापाशी."

नीलाबाईनं टोपली उतरवली. "अरे बाबू, फुलं गळाले लागल्यापासून मी दुपारची घरी कुठी राह्यते? वेचलेलं वाळवाले टाकतो तिकडं टोल्याच्या वस्तीवर पोरीकडं. मले तं वाटलं रश्मीनं कोनाले लावून देल्लं. गल्लीतल्या बायकाही तेच म्हनत होत्या. हर्षाची सोय झाली म्हून आमी गेलो नाई."

"असंन मंग कोनी."

"असंन म्हंजे? बायकोपाशी कोन बसते ते तुले माईत नाई? वाघाचे पोट्टे कितीक ते बरोबर सांगतोस पावन्याईले!"

रश्मीला त्यानं फोन केला. ती म्हणाली, तिनं कोणाला लावलेलं नाही.

अश्विन घरी आला, जेवला. जाण्याआधी त्यानं एक काम केलं. जंगलात माग घ्यायचा असला की वाटेवरची माती बारीक करून, हातानं सारखी करून ठेवतात. मग तिच्यावरून कोण गेलं ते सकाळी वाचता येतं. त्यानं चाळणीनं माती चाळली आणि पुढच्या दारापुढं, मागच्या दारापुढं, खिडकीखाली पसरली. कोंबडीच्या पिसानं सारखी केली. हर्षानं विचारलं तर मुंग्यांसाठी म्हणून सांगायचं ठरवलं. ती विचारायला उठलीच नाही.

संध्याकाळी परत आला तेव्हा अजून उजेड होता. तो वाकून तिन्ही जागा पाहत गेला. पुढच्या दारात कोंबडीचे पाय. खिडकीखाली सरड्याच्या शेपटीची रेघ. मागच्या दारात काहीच नाही. माती जशी पसरली तशी होती, नुसती सपाट.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. कोणी येत नाही. हर्षाला स्वप्न पडतं. रक्तदाबाच्या गोळ्यांनी गुंगी येते, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. झोपेत कोणी डोकं दाबतं असं वाटतं. वाटू दे. बरं आहे.

हर्षा खाटेवर बसून डोळे चोळत होती.

"आताच गेली पाहा ती," ती म्हणाली. "भेटली नाई गल्लीत?"

अश्विन खाटेच्या कडेला बसला. त्याचा हात नवारीवर टेकला. ती जागा खाली दबलेली होती, कोणी बराच वेळ बसून उठल्यावर दबते तशी.

"कशी हाय गा दिसाले?" त्यानं जमेल तितक्या सहज विचारलं.

"मी काय पाह्यलं तिचं तोंड? डाव्या कुशीवर असतो नं मी, भिताडाकडं. ती मागून येऊन बसते. बोलत नाई काई. हात थंडगार तिचे, माठाच्या बुडासारखे." हर्षा बोलता बोलता थांबली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला लागली. "काऊन विचारून राह्यले असं?"

"सहज."

"तुमीच पाठवली नं तिले?"

अश्विन त्या दबलेल्या जागेवरून हात फिरवत राहिला. थोडाच वेळ, पण तेवढ्यात हर्षाच्या गळ्याजवळची शीर उडायला लागलेली त्याला दिसली. तिचा हात पोटावर गेला. श्वास वर चढला, छातीत, तिथंच अडकला. पहिल्या वेळी गाडीत असंच झालं होतं. आधी ती काही तरी विचारत होती आणि तो गप्प होता.

"अवो, सांगा नं. तुमी नाई पाठवली?"

"पाठवली नं," अश्विन म्हणाला. "मीच पाठवली. दुसरं कोन पाठवनार?"

ती हसली. श्वास हळूहळू खाली उतरला. "मले वाटलंच. तुमी तोंडानं सांगत नाई काई, पन ध्यान असते तुमचं."

६

त्या दिवसानंतर कॉल बंद झाला.

वानरं येत होती. त्याच झाडावर, त्याच फांद्यांवर बसत होती, फुलं खात होती, एकमेकांच्या उवा काढत होती. म्हातारा नर घराकडे पाठ करून बसे. अश्विन दुपारची ड्युटी कोणाच्या तरी गळ्यात मारून दोनदा घरी थांबला. अंगणात ये-जा करत राहिला, एकदा काठी घेऊन, एकदा नुसता. एकही खॅक आलं नाही. हर्षा मात्र तेच सांगायची, ती आली होती, गेली.

"बिबट गेला," कुलदीप म्हणाला. "पार्टी दे."

"नाई गेला तं?"

"मंग कॉल काऊन बंद?"

याचं उत्तर कुलदीपला माहीत असायला हवं होतं. प्रत्येक गाईडला माहीत असतं. कॉल बंद पडतो तो दोन कारणांनी. एक, जनावर दूर निघून गेलं. दुसरं, जनावर बसलं. ते कुठं आहे ते सगळ्यांना कळलं, ते तिथंच राहणार हेही कळलं, मग ओरडून काय करायचं? सगळी आपापलं खायला लागतात. फक्त त्या जागेकडे पाहत नाहीत.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधला, पाहिलं, सोडला, पुन्हा बांधला. बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकवले. घोडा पळतो तसे.

"काय जादू केली?" त्या म्हणाल्या. "बीपी एकदम जागेवर आलंय. वजनही वाढलंय बाळाचं."

"दुपारी झोप होते," हर्षा म्हणाली. "यायनं सोय करून देल्ली."

डॉक्टरीणबाई अश्विनकडे वळल्या. "शाबास. आता जे करताय त्यात काही बदल करू नका. शेवटपर्यंत असंच चालू ठेवा."

अश्विननं मान हलवली. घरी येताना हर्षा खिडकीपाशी बसली होती आणि गुणगुणत होती. त्याच माहेरच्या रस्त्यावर, ज्याला ती इतके दिवस घाबरत होती. अश्विन तळहात पँटला पुसत होता. 

७

शेवटी त्याच्या डोक्यात साधी गोष्ट आली. वानराला काय दिसतं ते बघायचं असेल तर वानराच्या जागेवर जाऊन बसावं.

त्यानं हर्षाला सांगितलं, ड्युटी आहे. चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि बांबूच्या बेटामागून फिरून घराच्या मागे आला. ऊन तेच होतं. कळप झाडावर होता. तो चढायला लागला तशी वानरं न चिडता बाजूच्या बेहड्याच्या झाडावर सरकली. एकानंही दात विचकले नाहीत. जणू त्याची पाळी आली होती.

म्हाताऱ्या नराची फांदी छपरावर आलेली होती. साल बसून बसून गुळगुळीत झालेली. अश्विन तिच्यावर पालथा झाला आणि पुढे सरकला. सगळीकडे मोहफुलांचा गोड, आंबूस वास होता. टोकाशी आल्यावर त्याला कळलं की कवेलू कुठं सरकलेले आहेत. छपरात हातभर फट होती आणि फटीच्या बरोबर खाली खाट होती.

उन्हातून सावलीत पाहायला डोळ्यांना वेळ लागला. आधी तिच्या साडीचा पिवळा रंग दिसला. मग तिची पाठ. हर्षा भिंतीकडे तोंड करून झोपली होती, दोन्ही हात गालाखाली जोडून, लहान मुलीसारखे.

तिच्यामागे, खाटेच्या कडेला, कोणी बसलं होतं.

अश्विनला फक्त वरून दिसत होतं. वाकलेली पाठ. पाठीवर काहीतरी पांघरलेलं होतं, त्याचा रंग सांगता येणार नाही, तो सावलीचाच होता. डोकं दिसत नव्हतं, कारण ते हर्षाच्या अंगावरून पुढे ओणवं होऊन तिच्या पोटाला टेकलं होतं. कान लावून. आणि हलत नव्हतं. अश्विनला ते बसणं ओळखीचं वाटलं. इंजिन बंद करून, श्वास रोखून, तो स्वतः असाच ऐकतो.

हर्षाच्या केसांतून बोटं फिरत होती, हळू, मुळापासून टोकापर्यंत. तो एक हात. पोटाखाली दुसरा हात होता, माठ उचलण्याआधी भार पाहावा तसा. आणि हर्षाच्या पाठीवर हलकं थोपटणं चाललं होतं. थप. थप. थप.

अश्विननं मनात मोजलं. मग वाटलं, यातला एक हर्षाचाच असेल. त्यानं पुन्हा तिच्या गालाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात गालाखालीच होते. बांगड्या चमकत होत्या.

त्यानं तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा थोपटणं थांबलं.

बाकीचे हात चालूच होते. तो एकच थांबला, हवेत. फांदीवरून मोहफुलं सुटली आणि कवेलूवर पडली, टप, टप. खाली ते ओणवं डोकं पोटावरून किंचित उचललं गेलं, आणि वर वळायला लागलं.

अश्विननं डोळे मिटले. हे तो नंतर स्वतःला पुष्कळ विचारत राहिला, की वाघ बघायला इतकी माणसं घेऊन जाणाऱ्यानं डोळे काऊन मिटले. पण मिटले. आणि कसाबसा सरपटत, गुडघे सोलून, खाली आला.

मागचं दार ढकलून आत गेला तेव्हा हर्षा एकटी होती आणि कुरकुरत कूस बदलत होती.

"काय आवाज केला छपरावर? उठवलं नं मले. ती पन गेली." मग तिनं त्याचे गुडघे पाहिले. "हे काय झालं? वाघ लागला का मागं?"

"वानरं हाकलत होतो."

"त्याईनं काय केलं तुमचं? खाऊ द्या बिचाऱ्याईले." तिनं त्याचा हात धरून पोटावर ठेवला. आतून अशी लाथ आली की तिचं तिलाच हसू आलं. "पाह्यलं? उठला हा पन."

त्या रात्री अश्विन खाटेच्या बाजूला खाली अंथरूण टाकून पडला. काही आलं नाही. हर्षा शांत झोपली. तो एकटाच उठत राहिला, कडी पाहून येत राहिला.

८

सकाळी तो गेटवर गेला आणि बाळ होईपर्यंत ड्युटी लावू नका म्हणून सांगितलं. पोरं हसली. कुलदीप म्हणाला, "आता घरीच सफारी." अश्विन मान खाली घालून परत फिरला.

हर्षा नुकती खाऊन पडली होती. डावी कूस, तोंड भिंतीकडे.

"ड्युटी नाई आज?"

"नाई. आता तुह्यापाशीच बसनार. रोज."

"खरंच?" ती न वळता हसली. आवाजातच कळलं. "मंग दाबा डोकं."

तो खाटेच्या कडेला, बरोबर त्या जागेवर बसला. हात तिच्या केसांत घातले. त्याचे हात खरबरीत होते, जिप्सीचे लोखंडी दांडे धरून घट्टे पडलेले. पण त्यानं जितकं हळू जमेल तितकं हळू दाबलं. मग पाठ थोपटली. मग पुन्हा डोकं. दोन्ही एकदम जमत नव्हतं.

"बस झालं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "दुपारी ती देईनच दाबून."

"ती नाई येनार आता. मी सांगतलं तिले, येऊ नको म्हून."

हर्षा उठून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती इतक्या झटक्यानं उठली.

"काऊन सांगतलं?"

"मी हावो नं इथी."

"तुमी हाव," ती म्हणाली.  तिचा हात पोटावर गेला आणि तिथं फिरायला लागला, इकडून तिकडे, शोधत असल्यासारखा. गळ्याजवळची शीर उडत होती. "अवो."

"काय झालं?"

"हालत नाई हा."

"झोपला असंन. तू श्वास घे. रश्मीताईनं सांगतला तसा. हळू आत..."

"हालतच नाई! मी उठली का हालते तो. रोज हालते. हात लावून पाहा तुमी!"

त्यानं हात लावला. पोट टणक होतं आणि गप्प होतं. दोन्ही हात लावले. मग खाली वाकून कान लावला, श्वास रोखला आणि ऐकलं. जंगलात ऐकतो त्याहून जास्त लक्ष देऊन ऐकलं. हर्षाच्या रक्ताचा धाडधाड आवाज येत होता. त्याच्यामागे कुठंच घोडा पळत नव्हता.

दवाखान्यात न्यायला गाडी बोलवायची तर रस्ता तोच, पहिल्या वेळचा. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरच होती.

"येईन ती," अश्विन म्हणाला. "अव, मी गंमत केली. येते ती. मी कायले नाई म्हनीन तिले? मीच तं पाठवली."

"येते?"

"येते."

हर्षानं डोळे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, त्याहून हळू. आणि अश्विनच्या गालाखाली, खोल कुठंतरी, काहीतरी वळलं. मग एक लाथ. मग दुसरी.

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा डाव्या कुशीवर झाली, भिंतीकडे तोंड करून. "सरका मंग तिकडं. तुमी तिच्या जागी बसले."

अश्विन खाटेवरून उठला. मागच्या दारापाशी गेला, कडी काढली, दार सगळं उघडलं, आणि वाऱ्यानं परत लागू नये म्हणून त्याला आतून पाटा आणून टेकवला.